वर्मी लागेल असं इंग्रजी

पेणमध्ये माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी विचारतो, इंग्रजी कशाला हवंय? कुणी मुलाखतीसाठी म्हणतं, कुणाला दुबईला जायचं असतं. एक बाई सुनेशी भांडता यावं म्हणून आली होती आणि तिचं इंग्रजी सगळ्यांत लवकर सुधारलं. दिपिकाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एका माणसाला एकच वाक्य बोलायचं हाय, सर. पण ते असं पायजे की त्याला मरेपर्यंत आठवलं पायजे."

दिपिका पस्तिशीकडे झुकलेली, हडकुळी, नखांच्या कडांना कायम काळा रंग. जित्याजवळच्या एका आगरी गावातून रोज पेणला येते आणि गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. हे काम सगळ्यांत शेवटी होतं आणि फार थोड्यांना जमतं. पापणीची रेघ ओढताना श्वास धरून ठेवावा लागतो. कारखान्यातल्या बाया तिच्याबद्दल म्हणतात, दिपी श्वास धरते तसा राग पण धरते, सोडायचा कधी ते तिचं तीच ठरवते. एका रिक्षावाल्यानं कधीतरी तिला भर पावसात अर्ध्या वाटेवर उतरवलं होतं. तेव्हापासून ती त्याच्या रिक्षात बसत नाही. तो रिकामा समोर उभा असला तरी मागच्या रिक्षाची वाट बघते, आणि वाट बघताना त्याच्याच तोंडाकडे बघत राहते. त्या माणसानं शेवटी स्टँड बदलला.

मला अशी माणसं आवडतात. क्षमा क्षमा म्हणून जिचं कौतुक होतं ती अर्ध्या वेळा आळसच असते असं माझं मत आहे. राग नीट सांभाळायला मेहनत लागते.

तिनं जे सांगितलं ते असं. दहा-अकरा वर्षांपूर्वी रोह्याहून तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाचं नाव आदर्श. बाप काळुराम, धाटावच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. माणूस आगरीच, त्याच्याही बापानं मिठागरात पाय खरवडून घेतलेले. पण शिफ्टच्या बसमधून साहेबांच्या जीपमध्ये बसायला मिळालं आणि त्याच्या जिभेला इंग्रजी लागलं. पोहे झाले, चहा झाला. दिपिका ट्रे घेऊन समोर उभी होती. काळुरामनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, कप खाली ठेवला आणि मुलाकडे वळून हसत हसत म्हणाला, "शी इज नॉट अप टु द मार्क." घरात कुणाला कळणार नाही याची त्याला खात्री होती.

दिपिका बारावी झालेली होती. तिला कळलं. तिच्या बापाला कळलं नाही.

बाप म्हणजे दत्तात्रेय. आयुष्य मिठागरात गेलं. त्यांना वाटलं, पाहुणे हसले, इंग्रजीत काहीतरी चांगलं बोलले, म्हणजे पोरगी पसंत पडली. ते पण हसले, मान डोलावली, "व्हय व्हय" म्हणाले. पाहुणे निघाले तसा त्यांनी काळुरामच्या हातात नारळ दिला आणि गाडीत सुक्या बोंबलाची पिशवी ठेवली. गाडी वळेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग सगळ्या आळीत सांगून आले की रोहेकरांनी माझ्या पोरीची विंग्रजीत तारीफ केली. ज्यानं आपल्याला नारळ दिला त्यालाच आपण नारळ दिला, हे ओटीवर उभ्या असलेल्या एकट्या पोरीला ठाऊक होतं.

आठवड्यानं निरोप आला, जमत नाही. दत्तात्रेयांना काही केल्या पटेना. एवढी तारीफ केलेली माणसं मागे का फिरतील? कुणीतरी काडी घातली. कोण घालणार? शेजारी सख्खा भाऊ धर्मा राहतो, त्याच्या पोरीचं त्याच वर्षी जमत नव्हतं. झालं. दत्तात्रेयांनी मनात धरलं की काडी धर्मानंच घातली. हे दोघे भाऊ असे, की मिठागरात बांधाच्या दोन टोकांना उभे राहून साध्या आवाजात बोलायचे आणि एकमेकांना ऐकू जायचं. मधल्यांना वाटायचं वाराच बोलतोय. त्या निरोपापासून दोन्ही घरांमध्ये नुसती एक भिंत आहे आणि बोलणं नाही. धर्मानं सुरुवातीला शपथा घेतल्या, मग त्यानंही दार लावून घेतलं.

"तू बापाला खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू, सर? बाबा, तुम्ही ज्याला मान डोलावली ती तुमच्या पोरीची लायकी काढली होती, असं सांगू? ते महिनाभर नीट जेवले नव्हते. आधी म्हटलं जरा शांत होऊ देत. मग काकाशी भांडण झालं. मग सांगायचं राहूनच गेलं." ती नखाच्या कडेचा रंग खरवडत होती. "नंतर स्थळं आली. मीच नाय बोलले. परत ट्रे घेऊन उभी राहणार नाय."

आणि आता हा योग आला होता. दिपिकाचा धाकटा भाऊ हितेश, जो तिच्याच कमाईवर शिकला, धाटावलाच एका कंपनीत लागला होता. तिथल्या लॅबमधल्या एका मुलीशी त्याचं जमलं. मुलीचं नाव भूमिका. बापाचं नाव काळुराम. हितेश तेव्हा शाळेत होता, त्याला एवढंच माहीत होतं की ताईचं रोह्याचं एक स्थळ मोडलं. दत्तात्रेय तर खूश होते. देवानं जुनं स्थळ परत दारात आणलं म्हणत होते. दिपिका एवढंच म्हणाली की गणपतीचं काम उरकू दे, मग आपण रीतसर मुलगी बघायला जाऊ. आणि गणपती उरकल्यावर माझ्या क्लासला आली.

"त्यांच्याच घरात, त्यांचेच पोहे खाऊन, त्यांच्याच तोंडावर, इंग्रजीत," ती म्हणाली.

"मग लग्न मोडेल."

"मोडू दे. हितेशला पोरी मिळतील. मला हा माणूस परत मिळणार नाय."

झालं, आम्ही वाक्य शोधायला लागलो. अपेक्षेला न उतरणं या एका गोष्टीसाठी इंग्रजांनी किती म्हणी करून ठेवल्यात हे मलाही तेव्हाच नीट उमगलं. दुसऱ्याला कमी लेखायची त्यांना हौस फार. दिपिका एकेक म्हण मासळी घेतल्यासारखी घ्यायची. कल्ले उघडून बघायची, वास घ्यायची, आणि परत टोपलीत टाकायची.

'नॉट अप टु द मार्क' तिनं पहिल्यांदाच बाजूला ठेवली. "ती त्याची उष्टी हाय." मी 'फॉल शॉर्ट' सुचवली. बाण सुटला पण निशाणापर्यंत पोचलाच नाही, अलीकडेच पडला. ती म्हणाली, "म्हणजे त्यानं नेम तरी धरला होता. एवढा पण मान नको." 'कट द मस्टर्ड' सांगितली तर मोहरीचा इथे काय संबंध म्हणून तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मलाही ठाऊक नव्हतं, इंग्रजांनाही धड ठाऊक नाही. "मोहरी तडतडते, सर. ती कोण कापत बसतो?" ती म्हण गेली. 'डॅम्प स्क्विब' म्हणजे भिजलेला फटाका, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. पण मग म्हणाली, फटाका भिजला तर त्यात फटाक्याची काय चूक.

'लीव्ह्ज मच टु बी डिझायर्ड', म्हणजे बरंच काही राहून गेलंय, ही तिला काही दिवस आवडली. गोड आहे, चहा पिता पिता बोलता येते, आणि विष सावकाश चढतं. पण शेवटी तिनं धरली ती 'कम अप टु स्क्रॅच'. पूर्वी तिकडे ठोशांच्या मारामाऱ्या व्हायच्या तेव्हा जमिनीवर एक रेघ ओढायचे, मी सांगितलं. पडलेल्या गड्यानं उठून त्या रेघेपर्यंत यायचं. नाही आला तर हरला. 'यू डिड नॉट कम अप टु स्क्रॅच.' तू रेघेपर्यंत आलाच नाहीस.

"रेघ," ती म्हणाली. बोटानं बाकावर एक ओढून बघितली. "ही चालेल. रेघ मी ओढणार."

एकदा मीच म्हणालो की एवढं कशाला, आपल्याकडे साधं 'कमी पडणं' आहे की. तिनं मान हलवली. "ते माणूस स्वतःबद्दल बोलतो, सर. मी कमी पडलो, माझं कमी पडलं. त्यानं दुसऱ्याला मारता येत नाय."

महिनाभर तिनं ते एक वाक्य घोटलं. कारखान्यात माघी गणपतीच्या मूर्तीच्या डोळ्याला कुंचला लावायच्या आधी ती ते पुटपुटायची म्हणे. बायांना वाटायचं मंत्र आहे. जायचा दिवस ठरला तसं तिनं मलाही ओढलं. "तुम्ही चला. मी अडखळले तर तुम्ही पुरं करायचं." एखाद्याच्या सुडाचं आमंत्रण मिळणं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

हितेशनं गाडी आणली होती. पुढे दत्तात्रेय, धुतलेलं पांढरं धोतर, डोक्यावर लाल टोपी. निघताना अंगणात उभे राहून म्हणाले, "थांबा, गाडी येताय." आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं जिते स्टेशनाच्या बाजूनं आगगाडीचा भोंगा आला. सत्तरी ओलांडली तरी या माणसाच्या कानाची सर अजून कुणाच्या कानाला नाही. शेजारच्या ओटीवर धर्मा बसला होता. आम्हाला सजून निघालेलं बघितलं आणि उठून आत गेला. दत्तात्रेयांनी तिकडे बघितलंही नाही.

काळुरामचं रोह्याचं घर दुमजली. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. काचेच्या कपाटात कंपनीनं दिलेल्या ढाली. तो आता रिटायर झाला होता, पण बसायची पद्धत तीच, समोरचा माणूस शिफ्टला उशिरा आलाय अशी. जुनी ओळख त्यानं हसण्यावारी नेली. आदर्श पुण्याला असतो, दोन मुलं आहेत, वगैरे सांगितलं. दिपिकाकडे बघून "तुम्ही अजून कलेतच का?" म्हणाला. मी इंग्रजीचा मास्तर हे कळल्यावर तो माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागला, आणि मी त्याला प्रत्येक वेळी मराठीत उत्तर दिलं. मला तेवढा सूड पुरत होता.

भूमिका पोहे घेऊन आली. साधी मुलगी, डोळे शांत. हितेशकडे तिनं एकदाच बघितलं. दिपिकानं बशी घेतली. मी तिच्या शेजारीच होतो. ती श्वास धरून बसली होती, आखणीला बसते तशी. वाक्य ओठाशी आलेलं मला दिसत होतं. मी पण मनातल्या मनात ते म्हटलं.

तेवढ्यात काळुरामनं दत्तात्रेयांना विचारलं, "मग काय, दत्तूशेठ? मुलगी पसंत?"

दत्तात्रेय मोकळेपणी हसले. "पसंत म्हणजे काय. तुम्ही माणसां चांगलीच, मी तवाच बोल्लो व्हतो. माझ्या दिपीची तुम्ही त्या दिवशी विंग्रजीत तारीफ केलीत, मी अजून इसरलो नाय. पुढं आमच्याच घरातून काडी घातली गेली. माझ्या सख्ख्या भावानं. तुमचा काय दोष नाय."

काळुरामला आठवत होतं. त्याच्या तोंडावर ते सरळ दिसलं. मग त्यानं बशीतला पोह्याचा चमचा उचलला आणि म्हणाला, "असेल, असेल. असतात अशी माणसं प्रत्येक घरात."

दिपिकानं बशी टेबलावर ठेवली. धरलेला श्वास तिनं सोडला आणि मला कळलं की महिनाभर घोटलेलं वाक्य त्याच्याबरोबर गेलं.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही काय बोलला होतात?"

"आता एवढ्या वर्षांनी कसं—"

"मी सांगते. शी इज नॉट अप टु द मार्क." तिनं त्याच्याच चालीत म्हटलं, मधला थांबा, शेवटचं हसू, सगळं. "आता तुम्ही ते मराठीत सांगा. माझ्या बापाला तेव्हा कळलं नव्हतं."

हितेशच्या हातातला चहा तसाच राहिला. काळुराम माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही सांगा ना यांना. इंग्रजीत तो एक जनरल प्रकार असतो."

"मी सांगितलं असतं," मी म्हणालो, "पण वाक्य तुमचं आहे."

तो खुर्चीत मागेपुढे झाला. "म्हणजे, थोडं अपेक्षेप्रमाणे... तसं काही..."

"पुरं सांगा, काका. मग आम्हाला तुमची मुलगी पसंत हाय. नाय सांगितलंत तर आम्ही उठतो."

भूमिका ट्रे घेऊन तशीच उभी होती. काळुरामनं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घालून, सोफ्याच्या प्लास्टिकला सांगितल्यासारखं बोलला, "मुलगी आपल्या लायकीची नाही, असं म्हणालो होतो."

दत्तात्रेयांचं चावणं थांबलं. त्यांनी तोंडातला घास गिळला, बशी खाली ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी हात कानामागे धरला.

"मना नाय ऐकू आला," ते म्हणाले. "वय झाला आता. जरा मोठ्यानं सांगा."

काळुरामनं आजूबाजूला बघितलं. कुणीच मदतीला येईना.

"बाबा," भूमिका म्हणाली, "मोठ्यानं सांगा ना. त्यांना ऐकू नाय आलं." आवाज अगदी शांत होता. या मुलीनं त्या घरात किती वाक्यं गिळली असतील कोण जाणे.

तो मोठ्यानं बोलला. आत भांडी लावत असलेल्या त्याच्या बायकोचा हात थांबलेला ऐकू आला. मला एवढं बरं वाटलं की मी उरलेले पोहे संपवले.

"आता कळला," दत्तात्रेय म्हणाले. "मग धर्मानं काय तुमच्या कानाला लागून काडी नव्हती घातली?"

"कोण धर्मा?" काळुरामनं विचारलं.

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. दत्तात्रेयांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, ती वाकडी बसली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. "पोरगी आमच्या घरची झाली," ते उठत म्हणाले. निघताना काळुरामनं दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. दत्तात्रेयांनी तो घेतला. हात जोडले नाहीत.

गाडीनं नागोठणं मागे टाकलं. दिपिका जिंकली होती आणि तसं दिसायलाही हरकत नव्हती, पण ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मग पुढच्या सीटवरून, मागे न वळता, दत्तात्रेय म्हणाले, "तू मना सांगायचास, दिपी. मी भावाला सोडला त्या पायी." ती नखाच्या कडेचा रंग खरवडायला लागली.

गावात उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. दत्तात्रेय स्वतःच्या घराकडे वळलेच नाहीत. नारळ घेऊन सरळ शेजारच्या ओटीवर चढले आणि बंद दारासमोर उभे राहिले. त्यांनी दार वाजवलं नाही. नुसतं, बांधावर बोलायचे तशा साध्या आवाजात म्हणाले, "धर्मा, माझा चुकला."

आत बाजेची करकर झाली. म्हणजे ऐकू गेलं होतं. मग आतून धर्माचा आवाज आला.

"ऐकू नाय आला. मोठ्यानं बोल."

भाऊ भावावर जातो म्हणतात ते खोटं नाही. दत्तात्रेयांनी ओठ दाबले, घसा खाकरला आणि मोठ्यानं बोलले. आळीतल्या ओट्यांवर माणसं बाहेर आली. दार उघडलं नाही.

तेव्हा दिपिका गाडीपासून निघाली. चपला ओटीखाली काढल्या आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला काय बोलायचं ते माझ्याकडून शिकायची गरज नव्हती.

"काका," ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबाला ठाऊक नव्हतं. मला पयल्या दिवसापास्नं ठाऊक होतं. मी कमी पडले."

आतून कडी निघाली.